चाळीस लाख मेसेज घ्यायचे, पण खपवायचे कुठे?

प्रश्न: कोथरूडच्या एका वाचकांची भोसरीत नोकरी आहे. जोडधंदा म्हणून त्यांना बल्क एसएमएस, म्हणजे दुकानं-संस्थांनी गिऱ्हाइकांना एकगठ्ठा पाठवायचे मेसेज, विकायचे आहेत. घाऊक विक्रेता ४० लाख मेसेज १२ पैशांनी देतोय, थोडे घेतले तर १५ पैसे. विकायचा भाव १८ पैसे अधिक जीएसटी. दोन क्लास, एक पतसंस्था, दाताचा दवाखाना आणि लक्ष्मी रोडवरचं साडीचं दुकान अशी पाच गिऱ्हाइकं तयार आहेत, मिळून महिन्याला साधारण ६० हजार मेसेज. त्यासाठी सहकारी बँकेतली ७ टक्क्यांची सहा लाखांची ठेव मोडावी का?

उत्तर: ठेव मोडू नका. धंदा मात्र जरूर सुरू करा.

१२ पैशांवर १८ टक्के जीएसटी धरला तर ४० लाख मेसेजचे ५,६६,४०० रुपये होतात. महिन्याला ६० हजार या वेगाने हा साठा संपायला साडेपाच वर्षं लागतील. जीएसटी नोंदणी घेऊन खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळवलीत, तरी सहा पैशांच्या फरकाने महिन्याला ३,६०० रुपये सुटतील. तेवढ्याच रकमेवर आज ठेवीचं व्याज महिन्याला सुमारे ३,३०० येतं, तेही घरबसल्या. शिवाय विक्रेत्याने ‘व्हॅलिडिटी अमर्याद’ असं तोंडी सांगितलंय. साडेपाच वर्षांनी तो असेल का, याची हमी कोण देणार?

या धंद्यात नियमही मधेच बदलतात. ८ मार्च २०२१ला नोंदणी नसलेले मेसेज अडवायला सुरुवात झाली आणि देशभर ओटीपी अडकले. शेवटी ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, सात दिवसांची सूट द्यावी लागली. ११ डिसेंबर २०२४पासून मेसेज कोणाकडून कोणामार्फत जातो ती सगळी साखळी डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर) नोंदलेली लागते, नाहीतर मेसेज जातच नाही. म्हणजे तुमचीही टेलिमार्केटर (दुसऱ्यांसाठी मेसेज पाठवणारा) म्हणून नोंदणी हवी, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची स्वतःची नोंदणी, हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (आधी मंजूर करून घेतलेला मजकूर) हवं. एकाच्या हेडरवरून दुसऱ्याचा मेसेज पाठवायची सोय कोणी सुचवली तर ठाम नकार द्या.

माझ्या मते तुमची खरी कमाई इथेच आहे. दवाखान्याच्या डॉक्टरांना टेम्प्लेट का नामंजूर झालं हे शोधत बसायला वेळ नसतो. नोंदणी करून देणं, टेम्प्लेट मंजूर करून घेणं, ऑफरचे मेसेज सकाळी १० ते रात्री ९ याच वेळेत जातील हे पाहणं, या कामाची वेगळी फी घ्या. गिऱ्हाइकामागे महिन्याला ५०० रुपये जरी घेतलेत तरी पाच जणांचे २,५०० होतात, आणि त्यात भांडवल अडकत नाही.

पतसंस्थेचा भाव मात्र आजच दुरुस्त करा. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा असतो, मराठी फक्त ७०चा, आणि काना-मात्राही मोजल्या जातात. ‘आपला कर्जाचा हप्ता थकला आहे’पासून शाखेच्या नावापर्यंत लिहिलं की शंभराच्या वर सहज जातं, म्हणजे दोन मेसेजचा खर्च, या धंद्याच्या भाषेत दोन क्रेडिट. ‘एका मेसेजला १८ पैसे’ असं कबूल केलंत तर १२च्या भावानेसुद्धा तुम्हाला २४ पैसे पडतील. कोटेशनवर ‘प्रति क्रेडिट’ असंच लिहा.

सुरुवातीला १५ पैशांनी एक लाख क्रेडिट घ्या, करासह १७,७०० रुपये. ते पगारातून जमतील. तुमची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या खूप खाली आहे, त्यामुळे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी घेतली नाहीत तर तुम्हाला क्रेडिट १७.७० पैशांना पडेल, म्हणून २१ पैसे सांगा. जीएसटी नोंदणी नसलेल्या क्लासला १८ पैसे अधिक कर हा भावही साधारण तेवढाच पडला असता. उधारी ठेवू नका, आधी पैसे मग क्रेडिट.

महिन्याचा खप तीन-साडेतीन लाखांवर गेला आणि सलग सहा महिने टिकला, तर मोठ्या साठ्याचा विचार करू. तेव्हाही व्हॅलिडिटी आणि शिल्लक परताव्याची अट लेखी हवी.

जाता जाता ठेवीबद्दल. एका बँकेतल्या ठेवीला व्याज धरून ५ लाखांपर्यंतच विमा असतो. तुमचे सहा लाख एकाच बँकेत आहेत. मुदत संपली की त्यातले दोन लाख दुसऱ्या बँकेत हलवा.