वाचकांचे प्रश्न : छोट्या मेक्सिकन उपाहारगृहातला बरिटो

प्रश्न : कामानिमित्त आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन होजे येथे राहायला आलो. साखळी उपाहारगृहांतले बरिटो, म्हणजे गव्हाच्या पोळीत गुंडाळलेले सारण, खाऊन आता कंटाळा आला आहे. आसपास मेक्सिकन कुटुंबांनी चालवलेली छोटी उपाहारगृहे पुष्कळ आहेत. पण सर्वांचे फलक सारखे, पदार्थांच्या याद्या सारख्या आणि इंटरनेटवर सर्वांनाच साडेचार तारे. खरोखर उत्तम बरिटो कुठे मिळेल, हे ओळखावे कसे?
— एक वाचक, सॅन होजे

उत्तर : ताऱ्यांचा उपयोग होत नाही, हा आपला अनुभव बरोबर आहे. ते तारे गाडी लावायला जागा मिळाली, मालक हसून बोलला, आंब्याचा रस गार होता अशा सगळ्या गोष्टींचे एकत्रित असतात. त्यांतून बरिटोविषयी वेगळे काही हाती लागत नाही. त्यापेक्षा हे कुटुंब मेक्सिकोच्या कोणत्या भागातून आले आहे, हे आधी शोधावे.

बरिटो हा मुळात उत्तर मेक्सिकोचा पदार्थ आहे. सोनोरा, चिवावा या उत्तरेकडच्या राज्यांत गहू पिकतो आणि तिथल्या घरांत गव्हाच्या पिठाची टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळी, रोज होते; मध्य आणि दक्षिण मेक्सिकोत मात्र ताटात मक्याचीच टॉर्टिया असते. त्यामुळे ओआहाका किंवा पुएब्ला येथून आलेल्या कुटुंबाच्या यादीत बरिटो दिसला, तर तो बहुधा अमेरिकन गिऱ्हाईक मागते म्हणून ठेवलेला असतो. अशा ठिकाणी बरिटो मागवून नाराज होण्यापेक्षा त्यांचा मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा) किंवा मक्याचे पदार्थ मागवावेत आणि बरिटोचा शोध पुढच्या दुकानात चालू ठेवावा.

कुटुंबाचा प्रांत पुष्कळदा दुकानाच्या नावातच असतो. सोनोरा, मिचोआकान, हालिस्को ही नावे फलकांवर सर्रास आढळतात. भिंतीवरच्या फुटबॉलच्या जर्सीवर मात्र विसंबू नये. ग्वादालाहाराच्या चिवास संघाचे चाहते मेक्सिकोभर आहेत, तेव्हा ती लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी दिसली म्हणजे मालक हालिस्कोचाच, असे ठरत नाही. गर्दी नसताना गल्ल्यावर सरळ विचारावे : ‘दे के पार्ते दे मेहिको सोन?’ म्हणजे, आपण मेक्सिकोच्या कोणत्या भागातले? या प्रश्नाचा कुणाला राग आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. उलट त्यानंतर आज काय चांगले झाले आहे, हे न विचारता सांगितले जाते.

उत्तर मिळाले की सारण निवडणे सोपे जाते. मिचोआकानचे कुटुंब असेल तर कार्नितास, म्हणजे डुकराच्याच चरबीत मंद आचेवर शिजवून कडा खरपूस केलेले मांस; हालिस्कोचे असेल तर मसालेदार रश्श्यातली बिर्रिया. सोनोराच्या लोकांकडे कोळशावर भाजलेले गोमांस, म्हणजे कार्ने आसादा, आणि सकाळी गेल्यास वाळवलेल्या मांसाची माचाका अंड्यांबरोबर मिळते. चिवावाची माणसे बरिटोत रस्से भरतात : सुक्या लाल मिरच्यांच्या वाटणातला चिले कोलोरादो, हिरव्या मिरचीतले मांस, तंतू सोडवलेले गोमांस. यादीत वीस सारणे असली तरी त्यांतली दोन-तीनच त्या घराची असतात.

यानंतर टॉर्टिया पाहावी, आणि माझ्या मते बरिटोचा निम्म्याहून अधिक निकाल इथेच लागतो. तिला लागते पीठ, चरबी, मीठ आणि गरम पाणी, एवढेच. पाकिटातली टॉर्टिया सर्वत्र एकसारखी पांढरी असते आणि चावताना रबरासारखी ताणली जाते. हाताने केलेलीवर लहानमोठे, अनियमित, तपकिरी डाग असतात, मध्ये फुगून बसलेले पापुद्रे दिसतात आणि कडेचा तुकडा नुसता तोंडात घातला तरी भाजल्या पिठाची चव लागते. सोनोराची उत्तम टॉर्टिया तर इतकी पातळ असते की उजेडासमोर धरली तर मागच्या बोटांची सावली दिसते, आणि तरीही ओले सारण भरल्यावर ती फाटत नाही. गल्ल्यापलीकडे पिठाच्या गोळ्यांचा झाकलेला ट्रे दिसला, तर तिथून हलू नये.

आपण मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ राहता आणि तिथली पद्धत वेगळी आहे, हे लक्षात घ्यावे. त्या शहराच्या मिशन भागात १९६० च्या दशकात भात, घेवडे, मांस आणि साल्सा (मिरची-टोमॅटोची चटणी) एकत्र गुंडाळून फॉइलमध्ये बांधलेला मोठा बरिटो रूढ झाला. पहिला आपलाच, असे एल फारो आणि ला कुंब्रे ही दोन्ही दुकाने सांगतात. एल फारोचा दावा १९६१ चा आहे, तर ला कुंब्रेचा १९६९ चा. चिपोटले या बरिटोच्या साखळी उपाहारगृहांचे संस्थापक स्टीव्ह एल्स यांनी १९९३ मध्ये डेन्व्हरला पहिले दुकान उघडले, तेही मिशनमधल्या ताकेरिया, म्हणजे टाको-बरिटोची दुकाने, पाहूनच. म्हणजे ज्या बरिटोला आपण कंटाळलात, त्याचे मूळ घर आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. एवढ्या मोठ्या आकाराची टॉर्टिया बहुतेक दुकाने कारखान्यातूनच आणतात आणि ती ताणली जावी म्हणून वाफवून घेतात. तेवढ्यावरून दुकान नाकारू नये. त्याऐवजी गुंडाळलेला बरिटो तव्यावर खरपूस करून द्यायला सांगावे. याला तिथे ‘दोरादो’ म्हणतात.

मिशनमध्येच ला ताकेरिया नावाचे दुकान आहे, जिथे बरिटोत भात घालतच नाहीत. २०१४ मध्ये फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाने देशभरातल्या बरिटोंची स्पर्धा लावली तेव्हा पहिला क्रमांक याच दुकानाला मिळाला, आणि २०१७ मध्ये जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानने त्याला ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा सन्मान दिला. भाताविषयी माझे मत असे की सारण रसदार असेल तर तो रस धरून ठेवण्याचे काम भात करतो. कोरड्या मांसाबरोबर तो केवळ वजन वाढवतो. पहिल्या खेपेस भाताविना मागवावा, म्हणजे सारणाची खरी चव कळेल.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. लॉस एंजेलिसमध्ये बीन्स आणि चीजचा बरिटो सगळीकडे मिळतो, म्हणून निर्धास्तपणे खात होतो. पण त्यातही चरबी असते असे एका सहकाऱ्याने सांगितले. हे खरे आहे का, आणि अशा ठिकाणी आम्ही काय मागवावे?
— एक वाचक, लॉस एंजेलिस

उत्तर : पुष्कळ ठिकाणी खरे आहे. परतून घोटलेल्या पिंटो बीन्समध्ये, म्हणजे घेवड्यांत, परंपरेने ‘मांतेका’, म्हणजे डुकराची चरबी, घालतात. गव्हाच्या टॉर्टियाच्या पिठातही तीच असू शकते. तांबूस भात अनेकदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. ‘सिन कार्ने’ एवढे म्हणून भागत नाही, कारण त्याचा अर्थ मांसाचे तुकडे नकोत एवढाच घेतला जातो. चरबी आणि रस्सा ही स्वयंपाकघरातली नित्याची सामग्री असल्यामुळे, कोणी मुद्दाम लपवत नसले तरी, ती सांगितली जात नाही.

म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात. ‘लोस फ्रिहोलेस येवान मांतेका?’ म्हणजे घेवड्यांत चरबी आहे का; ‘ला तोर्तिया येवा मांतेका?’ म्हणजे टॉर्टियात आहे का. आणि ‘एल आरोस येवा काल्दो दे पोयो?’ म्हणजे भातात कोंबडीचा रस्सा आहे का. कारखान्याच्या पाकिटातल्या टॉर्टियात पुष्कळदा वनस्पतिजन्य तेल असते, तेव्हा वर ज्या पाकिटाला मी नावे ठेवली, तेच आपल्या सोयीचे ठरू शकते. घोटलेल्या घेवड्यांऐवजी नुसते उकडलेले ‘फ्रिहोलेस दे ला ओया’ मिळतात का, तेही पाहावे. परंतु ‘चार्रोस’ म्हटले की त्यात बेकन असते. हिरव्या मिरचीचा ‘चिले वेर्दे’ नावावरून भाजी वाटला, तरी तो बहुधा डुकराच्या मांसाचा असतो. चीजमधले रेनेट (दूध गोठवण्यासाठी वापरले जाणारे, बहुधा वासराच्या पोटातले द्रव्य) चालत नसेल, तर तेही टाळावे लागेल.

मागवण्याजोगे मात्र बरेच काही आहे. भाजलेल्या पोब्लानो मिरचीचे काप आणि चीज, म्हणजे राहास कोन केसो, निवडुंगाच्या पानांची भाजी नोपालेस, बटाटा, कोवळ्या भोपळ्याची कालाबासितास. चीज भरून अंड्याच्या आवरणात तळलेली मिरची, चिले रेयेनो, संपूर्ण टॉर्टियात गुंडाळून देणारी दुकानेही आहेत. अंडे चालत असेल तर तो बरिटो अवश्य खाऊन पाहावा. मिरचीचा तिखटपणा, वितळलेले चीज आणि ओलसर आवरण यांमुळे त्याला दुसऱ्या कशाची गरज उरत नाही.

प्रश्न : बरिटो हा खरा मेक्सिकन पदार्थच नव्हे, असे वाचले. मग त्याचे अस्सल रूप शोधण्यात काय अर्थ आहे?
— एक वाचक, सॅन दिएगो

उत्तर : सीमेवरच्या सिउदाद हुआरेस शहरात सकाळी बरिटोच्या दुकानांपुढे रांगा लागतात, तेव्हा तो मेक्सिकन नाही, हे म्हणणे टिकत नाही. तिथला बरिटो लहान आणि सडपातळ असतो. आत एखादाच रस्सा, फार तर थोडे घेवडे. लेट्यूस, सावर क्रीम, ग्वाकामोले यांचा भार त्याच्यावर नसतो, आणि भूक असेल तसे दोन-तीन घ्यायचे असतात.

सीमेच्या या बाजूला त्याची रूपे बदलली, पण ती बदलणारी माणसेही बहुतांशी मेक्सिकन कुटुंबांतलीच होती. आपल्या शहरातला ‘कॅलिफोर्निया बरिटो’ घ्या : कार्ने आसादा, चीज आणि चक्क बटाट्याचे फ्राइज. न्यू मेक्सिकोत अंडी-बटाट्याच्या न्याहारीच्या बरिटोवर मिरचीचा रस्सा ओततात, आणि ‘लाल की हिरवी?’ हा तिथला राज्यमान्य प्रश्न आहे. दोन्ही हव्या असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचे. तेव्हा आपण अस्सल-नक्कल हा वाद बाजूला ठेवावा आणि त्या दुकानात फ्राइज ताजे तळतात की दुपारपासून दिव्याखाली ठेवलेले असतात, याची चौकशी करावी. कॅलिफोर्निया बरिटो तिथेच बिघडतो.

प्रश्न : बरिटो खाताना निम्मा सांडतो. सुरीकाट्याने खाल्ला तर चालेल का?
— एक वाचक, ओकलंड

उत्तर : वरून सॉस ओतलेला असेल तर सुरीकाटा लागतोच. एरवी फॉइल एकदम सोलू नये. दोन घासांपुरते खाली सरकवत जावे आणि बरिटो उभा धरावा. साल्सा वरून ओतण्याऐवजी प्रत्येक घासाला थोडा थोडा घ्यावा. शक्य असेल तर तिथेच बसून खावा, कारण बंद फॉइलमध्ये वीस मिनिटे राहिलेल्या बरिटोची टॉर्टिया वाफेने लिबलिबीत होते आणि मग तो कसाही धरला तरी तळातून सुटतो.