मे महिन्यात त्याच वेगाने धावताना हृदयाचे ठोके २० ने जास्त का येतात? माझा फिटनेस घसरला का?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत ठाण्यात १० किलोमीटर धावताना ठोके १५० च्या आसपास असायचे आणि आता मे महिन्यात, वेग तोच ठेवूनही, ते १७० वर जातात. शिवाय तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि स्वतः धावते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फिटनेस बहुधा जागेवरच आहे. काम मात्र वाढलंय. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातली पाचवा-चौथा हिस्साच हालचालीत जाते, बाकी सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायला रक्त त्वचेपर्यंत न्यावं लागतं. स्वस्थ बसलेलो असताना, हवा सुखद असेल तर, त्वचेला मिनिटाला जेमतेम पाव ते अर्धा लिटर रक्त पुरतं. कडक उष्णतेत, नुसतं बसून असतानाही, हा आकडा ७-८ लिटरपर्यंत जाऊ शकतो, आणि एरवी सुखद हवेत, विश्रांतीत हृदय एकूण पंप करतं ते साधारण ५ लिटर! आता त्यात धावणाऱ्या पायांची मागणी मिळवा. गच्चीवरची टाकी तीच आणि सगळ्या मजल्यांचे नळ एकदम सोडलेले, अशी अवस्था होते.

शरीर मग आतडी आणि मूत्रपिंडांचं रक्त कमी करतं. उन्हात धावताना मळमळतं, पोटात कळ येते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. पण तेवढ्यानं भागत नाही. बरंचसं रक्त त्वचेतल्या पसरलेल्या शिरांमध्ये थांबून राहतं, घामावाटे रक्तातलं पाणीही कमी होतं, म्हणजे हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं आणि दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही घटतं. हिशोबापुरतं धरा, एका ठोक्याला १०० मिली आणि १५० ठोके, म्हणजे १५ लिटर. ठोक्यामागे ८८ मिलीच मिळू लागले तर तेच १५ लिटर भरून काढायला ठोके १७० व्हायला हवेत. तुमचं घड्याळ नेमकं हेच दाखवतंय. वेग न बदलताही पहिल्या १०-२० मिनिटांनंतर आकडा हळूहळू चढत जातो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

ठाणे-मुंबईत यात दमटपणाची भर पडते, आणि मला तो आकड्यातल्या तापमानापेक्षा जास्त घातक वाटतो. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तरच. कोपरावरून टपटप गळणारा घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, थंडावा देत नाही. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेतली महिला मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली होती. ऊन नव्हतंच, पण तापमान ३० च्या वर आणि दमटपणा ७० टक्क्यांच्या पुढे. ६८ जणींपैकी ४० जणींनीच शर्यत पूर्ण केली. सगळ्या जगातल्या उत्तम धावपटू! तेव्हा पहाटे ५ ला निघते म्हणजे मी सुरक्षित आहे, असं समजू नका.

मे महिन्यात वेग विसरा. धाप किती लागते ते बघून धावा, सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. सुरुवातीचे १०-१४ दिवस अंतर कमी ठेवा. पहिल्या ४-५ दिवसांतच रक्तातलं पाणी वाढायला लागतं आणि त्याच वेगाला ठोके थोडे उतरतात, नंतर घामही लवकर सुटतो आणि कमी खारट होतो. गटात मी नेहमी बघते, लोक शेवटच्या खांबापाशी घड्याळाचं बटण दाबतात आणि गपकन थांबतात. तसं करू नका. पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात, ते थांबले की रक्त पायांत साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पाच-दहा मिनिटं चालत राहा.

कुणी झोकांड्या खाऊ लागलं, असंबद्ध बोलू लागलं, तर तो साधा थकवा समजू नका. शरीराचं तापमान ४० च्या वर गेलेलं असू शकतं. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत गार पाणी, बर्फ, जे मिळेल त्यानं सगळं अंग थंड करत राहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आता तुमची गोळी. बीपीच्या काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत. ती तशी असेल तर घड्याळाचा आकडा कमी दिसेल आणि हृदयावरचा ताण कळणार नाही. काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, त्यात घामाची भर पडली तर चक्कर येऊ शकते. गोळीचं नाव इथे लिहू नका, मी तुम्हाला न तपासता काही सांगणं बरोबर नाही. स्वतःच्या मनानं ती बंदही करू नका. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, उन्हाळ्यात धावता हे सांगा आणि घड्याळातल्या जानेवारी-मेच्या नोंदी त्यांना दाखवा. छातीत दुखलं किंवा ठोके अनियमित वाटले तर मात्र आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी जा.