सोसायटीतल्या भटक्या कुत्रीला टीव्हीटी कॅन्सर सांगितलाय, उपचार होतो का?

हो होतो, आणि चांगला होतो, त्यामुळे "झोपवून टाका" असं कोणी म्हणत असेल तर प्लीज ऐकू नका. टीव्हीटीमध्ये (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर) कॅन्सरच्या जिवंत पेशीच मेटिंगमधून किंवा चाटण्या-हुंगण्यातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याला जातात, म्हणून भटक्या कुत्र्यांत एवढा दिसतो. माणसाला किंवा मांजराला होत नाही. लघवीच्या जागेतून थेंब थेंब रक्त येतं, आत फ्लॉवरसारखी लाल गाठ असते, पण लोकांना वाटतं हीटवर (माजावर) आहे आणि त्यात आठवडे जातात. खात्रीसाठी गाठीवर काचपट्टी दाबून किंवा सुईने पेशी घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात, ते झालंय का आधी विचारा.

औषध व्हिनक्रिस्टिन (केमोचं इंजेक्शन), आठवड्यातून एकदा शिरेतून, साधारण 4 ते 6 डोस, कधी जास्तही लागतात. बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. नुसतं ऑपरेशन केलं तर गाठ परत यायची भीती असते. प्रत्येक डोसआधी सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करायचं, पांढऱ्या पेशी कमी असतील तर डॉक्टर डोस पुढे ढकलतात. औषध शिरेबाहेर गेलं तर तिथलं मांस सडतं, त्यामुळे कॅथेटर (शिरेत बसवायची बारीक नळी) लावूनच घ्या आणि तिला ओळखीची दोन माणसं धरायला हवीतच. आणि हे खरंच कळकळीने सांगतो, रक्त थांबलं, गाठ बारीक झाली म्हणून दोन डोसनंतर सोडू नका, गाठ पूर्ण गेली असं डॉक्टर म्हणेपर्यंत न्या. डोसनंतर काही दिवस तिच्या शी-शूमधून औषध बाहेर पडतं, म्हणून ती ग्लोव्हज घालूनच साफ करा. खर्चाचं टेन्शन असेल तर जवळच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात चौकशी करा, मुंबईत परळला आहे. बरी झाली की नसबंदी करून घ्या.