‘मंडळ सगळ्यांना मोकळं आहे, तरी ती मुलं येत नाहीत’

प्रश्न : मी गोव्यातल्या साखळीची. बी.ए. समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, राष्ट्रीय सेवा योजनेची (एनएसएस) दोन वर्षं पूर्ण केली. आमच्या वाड्यावरचं युवक मंडळ व्हॉलीबॉल, चतुर्थीच्या आरत्या आणि संध्याकाळी सातला स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेतं. मंडळ सगळ्यांना मोकळं आहे. तरी भाड्याच्या खोल्यांतली कन्नड बोलणारी मुलं, धनगरवाड्यावरची मुलं आणि कुबडी घेऊन चालणारा एक मुलगा कधीच येत नाहीत. त्यांना कसं आणायचं? आणि हेच काम पोटापाण्यासाठी करता येईल का? आई बी.एड. कर म्हणते.

उत्तर : ती मुलं येत नाहीत हे तुझ्या लक्षात आलं, यातच तुझी या कामाची पात्रता दिसते. बहुतेक मंडळांत आलेल्यांची हजेरी लागते, न आलेल्यांची कोणी मांडत नाही.

दार उघडं असलं म्हणून घर आपलं वाटतंच असं नाही. सातचा वर्ग सुटल्यावर धनगरवाड्याकडे जाणारी बस असते का, हे कधी पाहिलंस? संघाच्या टी-शर्टची वर्गणी किती आहे? ज्याचे वडील बांधकामावर रोजंदारीला जातात, तो ‘पैसे नाहीत’ म्हणत नाही, ‘मला खेळ आवडत नाही’ म्हणतो. आणि तुमच्या मैदानावर ‘घाटी’ हा हिणवणारा शब्द ऐकू येतो का? येत असेल तर पहिलं काम तिथं आहे. आपल्याच मित्रांना थांबवणं कठीण जाईल, पण त्याशिवाय बाकीचं सगळं वाया.

पहिला महिना कार्यक्रम ठेवूच नकोस. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी तूच त्या खोल्यांकडे जा. दर वेळी नवा चेहरा गेला की लोकांना ती पाहणी वाटते. मुलींसाठी आधी आयांशी ओळख कर. मुलं येऊ लागली की त्यांना खुर्च्या लावायला सांगू नका, हिशेब सांभाळायला द्या, संघ निवडायला द्या. निर्णयात वाटा मिळाला की ती टिकतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

कागदपत्रं नीट शिकून घे, कारण पुष्कळांची वाट तिथंच अडते. गोव्यात गावडा, कुणबी, वेळीप 2003 पासून अनुसूचित जमातींत आहेत, धनगर त्या यादीत नाहीत. म्हणून शेजारच्या दोन मुलांना एकच शिष्यवृत्ती सांगून चालत नाही. शाळा सुटलेल्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते, वय 14 पूर्ण हवं. त्या कुबडीवाल्या मुलाला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे का, विचार. 40 टक्के किंवा जास्त असेल तर 2016 च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के राखीव जागा आहेत. आणखी एक, फार महत्त्वाचं : अठरा वर्षांखालच्या मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधी देऊ नकोस. मुलांना अशा अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवावंच लागतं. गोव्याचा 2003 चा बाल कायदाही वाचून ठेव.

आता आईचा मुद्दा. तिची काळजी खोटी नाही. स्वयंसेवी संस्थांतली नोकरी बहुधा कंत्राटी असते, प्रकल्प संपला की पगार थांबतो, आणि सुरुवातीला शिक्षकापेक्षा कमीच मिळतं. पण शिकवण्याची ओढ नसताना केलेलं बी.एड. तुलाही जड जाईल आणि वर्गातल्या मुलांनाही. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण (एमएसडब्ल्यू) दोन वर्षांचं आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था, निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे संस्था. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरची राजीव गांधी राष्ट्रीय युवक विकास संस्था खास याच क्षेत्रासाठी आहे. प्रवेशाआधी एक वर्ष गोव्यातच एखाद्या संस्थेत काम कर, जिथं तुझं काम पाहून चुका दाखवणारं अनुभवी माणूस असेल. नुसते फोटो काढून अहवाल पाठवणारी संस्था नको. त्या वर्षानंतर आईशी पुन्हा बोल, आणि तिला एकदा त्या खोल्यांकडे सोबत घेऊन जा.

सुरुवात त्या एकट्या मुलापासून कर. त्याला बोलवायला जाण्याआधी मंडळाच्या दाराला पायऱ्या किती आहेत, तेवढ्या मोजून ठेव.