अॅप फुकट, मग पैसे कोण देतं?

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मिस्टरांचा तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये गाळा आहे. मुलगा बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आता म्हणतो, कॉलेज सोडून व्हॉट्सअॅपसारखं अॅप काढणार. फुकटच्या अॅपमधून कसले पैसे मिळणार? त्याला कसं समजवावं? – एक आई

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न नेमका आहे. तोच मुलाला विचारा, फक्त जेवताना नको, नाहीतर ताटावरून उठेल.

तो व्हॉट्सअॅप काढणाऱ्या जान कूमचं नाव घेईल. कूमने कॉलेज सोडलं, हे खरंच आहे. पण याहूतली नोकरी हातात असताना. तो आणि त्याचा भागीदार ब्रायन अॅक्टन वर्षानुवर्षं तिथे इंजिनीअर होते. व्हॉट्सअॅप निघालं २००९ मध्ये. २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला तेव्हा ४५ कोटी लोक ते वापरत होते आणि कंपनीत माणसं होती ५५. पोरांच्या डोक्यात नेमके हेच आकडे बसतात.

उलटं उदाहरण आपल्याकडचंच आहे. कविन भारती मित्तल यांचं हाइक हे चॅटचं अॅप २०१२ मध्ये आलं. स्टिकर छान, पैसा भरपूर, २०१६ मध्ये कंपनीचं मोल अब्ज डॉलरच्या वर. तरी जानेवारी २०२१ मध्ये ते बंद झालं. आत्या, मामा, दूधवाला सगळे आधीच दुसरीकडे असतील तर एकट्याने नव्या अॅपवर जाऊन बोलायचं कोणाशी?

आता पैशांचं. व्हॉट्सअॅप पूर्वी वर्षाला एक डॉलर घेई. २०१६ मध्ये तेही सोडलं. जपानच्या लाइन या चॅट अॅपने स्टिकर विकले, टेलिग्रामने २०२२ पासून जादा सोयींसाठी पैसे घेणारं प्रीमियम आणलं. व्हॉट्सअॅपने मात्र बिल धंदेवाल्याच्या नावावर फाडलं. बँकेचा ओटीपी, कुरिअरचा निरोप, साडीच्या सेलची जाहिरात यांचे वेगवेगळे दर असतात आणि ते कंपन्या भरतात. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या ज्या जाहिरातीवर बोट ठेवलं की थेट चॅट उघडतं, तिचेही पैसे दुकानदारच देतो. तुमच्या मिस्टरांच्या फोनवर बिझनेस अॅप असेल तर ते फुकट आहे. मोठ्या प्रमाणावर, सॉफ्टवेअर जोडून निरोप पाठवायचे झाले की मीटर पडतो.

मला विचाराल तर मुलाची नोकरी या मीटरच्या आसपास आहे. निरोपांचे साचे, आपोआप उत्तर देणारे बॉट, ऑर्डर थेट बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवणं, अशी कामं करणारी माणसं लागतात, आणि आयटी कंपन्यांचा ऐरोली-महापे पट्टा तर तुमच्या उंबऱ्यावर आहे. त्यासाठी त्याने एपीआय (दोन सॉफ्टवेअर जोडायची सोय), वेबहुक (निरोप आला की आपल्या सॉफ्टवेअरला लगेच कळवणारी सोय), डेटाबेस नीट शिकावं. पण पदवी हातात असू द्या. एचआरच्या पहिल्या चाळणीत ती बघतात.

आधी त्याला तीन आठवडे गाळ्यावर बसवा. व्हॉट्सअॅपवर किती ऑर्डरी येतात, त्यातल्या किती फक्त व्हॉइस नोटवर, कुठे ‘संकेश्वरी मिरची दोन पोती’ ऐकायला चुकतं, किती जण भाव विचारून गप्प बसतात, हे वहीत लिहू द्या. मग त्यातल्या एका अडचणीवर छोटं सॉफ्टवेअर करू द्या. कॉलेजचा प्रोजेक्टही त्यातच उरकेल. सरावासाठी व्हॉट्सअॅपकडूनच चाचणीचा नंबर फुकट मिळतो. गाळ्याच्या चालू नंबरवर प्रयोग करू देऊ नका, मिस्टर मला शिव्या घालतील.

वही भरली की दोघं ठाण्याला या, मग त्याच्या अॅपवरही बोलू. आणि परीक्षेचा फॉर्म भरलाय का, तेवढं आजच बघा.