घोडी वाहनातून आणताना दावे किती लांब ठेवावे?

सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली मारवाडी घोडी कर्नाटकातील चिकोडीपर्यंत सुखरूप कशी आणावी आणि त्यासाठी ट्रेलर चांगला की आयशर ट्रक, असे आपण विचारले आहे. मी निपाणीजवळ राहतो आणि आमच्या घरी दोन पिढ्या घोडे आहेत. माझ्या मते गाडी कोणती हा प्रश्न दुय्यम आहे. मोरकीचे (तोंडावर चढवलेल्या पट्ट्याचे) दावे किती लांब ठेवायचे, हे आधी ठरवावे.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. चार वर्षांपूर्वी मीही तिथूनच एक घोडी आणली. दत्तजयंतीच्या दिवसांत खानदेशात रात्री चांगलीच थंडी असते, म्हणून मी ताडपत्री चारी बाजूंनी आवळून घेतली आणि घोडीने तोंड बाहेर काढू नये म्हणून दावे आखूड करून वरच्या दांडीला बांधले. घरी उतरल्यावर तिने वैरण खाल्ली, पाणी प्यायली, आणि आम्ही निर्धास्त झालो. तिसऱ्या दिवशी अंगात ताप आणि नाकातून घट्ट स्राव सुरू झाला; फुप्फुसापर्यंत संसर्ग गेल्याचे डॉक्टरांनी सांगितले. ती वाचली, पण पुन्हा पहिल्यासारखी पळू लागायला अनेक महिने गेले.

कारण साधे आहे. घोडा दिवसातला बराच वेळ मान खाली घालून चरतो, आणि त्यामुळेच श्वासनलिकेतील धूळ व शेंबूड बाहेर पडतो. मान सलग दहा-बारा तास वर बांधलेली राहिली, की तोच मळ जंतूंसह खाली फुप्फुसाकडे उतरतो. त्यात वाळल्या गवताची धूळ आणि लघवीचा उग्र वास बंद ताडपत्रीत कोंडला, तर विचारायलाच नको. म्हणून दावे चालत्या गाडीत पाय अडकणार नाही इतपतच सैल ठेवावे, ते झटकन सुटणाऱ्या सुरगाठीने बांधावे, आणि दर चार तासांनी गाडी थांबवून ते पूर्ण सोडावे, म्हणजे घोडीला जमिनीपर्यंत मान नेता येईल. गवत उंच जाळीत न टांगता पाण्यात भिजवून खाली टाकावे. ताडपत्री समोरून व वरून असावी, बाजूंनी हवा खेळती राहिली पाहिजे. थंडी वाटली तर अंगावर झूल घालावी.

थांबाल तेव्हा पाणी दाखवा. परक्या पाण्याला घोडी अनेकदा तोंड लावत नाही, म्हणून आम्ही त्यात थोडा गूळ विरघळवतो आणि तीच चव निघण्याआधी दोन दिवस लावून ठेवतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला तर तो जिवावर बेततो. प्रवासात चंदी (दाणा) जवळजवळ बंदच ठेवावी. गुंगीचे इंजेक्शन स्वतःच्या मनाने देऊ नये, कारण वळणावर तिला तोल सावरता आला पाहिजे.

वाहनाविषयी 1978 च्या पशुवाहतूक नियमांत बरेच नेमके सांगितले आहे: न घसरणारी जमीन, दोन जनावरांमध्ये किमान 8 सेंटिमीटर व्यासाचा बांबू, समोरून येणाऱ्या वाहनांना घाबरू नये म्हणून तोंड डावीकडे, सोबत एक माणूस, आणि वेग ताशी 35 किलोमीटरपेक्षा जास्त नाही. हा वेग पाळणारा ड्रायव्हर मला अजून भेटलेला नाही! तरी हिशेब करून पाहा: सुमारे सातशे किलोमीटरला वीस तास लागतात. म्हणजे एका दमात आणणे मुळातच चूक आहे. अहिल्यानगर ते शिरूर या टप्प्यात ओळखीच्या गोठ्यात घोडी उतरवून रात्रभर मोकळी बांधावी. पुढे खंबाटकी घाट दिवसाउजेडी, सतत ब्रेक न दाबता गिअरवर उतरवायला सांगावा.

पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा अहवाल सौदा पक्का करण्याआधीच मागावा. आपल्याला राज्याची हद्द ओलांडायची आहे आणि हा रोग माणसालाही होतो.

घरी आल्यावर पाच दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. 101.5 फॅरनहाइटच्या वर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. खोकला सुरू होतो का हे पाहण्यात मी तेव्हा दीड दिवस घालवला होता.