मठाकडं एवढी जमीन आली कुठून?

प्रश्न : रशियाच्या ट्रिपमध्ये मॉस्कोजवळ सर्गियेव पोसादचा ऑर्थोडॉक्स मठ पाहिला. गाईड म्हणाली की एके काळी या मठाच्या ताब्यात लाखभर शेतकरी होते. संन्याशांकडं एवढं कसं काय आलं, आणि नंतर गेलं कुठं? – एक वाचक, सातारा

उत्तर : गाईडनं बरोबरच सांगितलं, उलट थोडं कमीच, कारण तेव्हाच्या मोजणीत फक्त पुरुष धरायचे आणि त्यांचाच आकडा एक लाखाच्या वर होता, बायका-मुली वेगळ्या.

हा मठ काढला सर्जियस राडोनेझस्की यांनी, चौदाव्या शतकात, जंगलात. ते स्वतः लाकडं फोडायचे, पाणी भरायचे. ते 1392 मध्ये गेले, त्यानंतरच्या काळात जमिनी वाढत गेल्या. सरदार-राजे मरताना गाव लिहून द्यायचे, अट एवढीच की आमच्या आत्म्यासाठी कायम प्रार्थना करा, आमचं नाव यादीत वाचत राहा. आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखंच, फक्त इथं गावाबरोबर कुळंही जायची. शिवाय मठ स्वतः जमीन विकत घ्यायचा, मीठ काढायचा, व्यापार करायचा, आणि राजाच्या सनदेमुळं जकातीत सूटही मिळायची.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पंधराव्या शतकाच्या मध्याची गोष्ट. राजा दुसरा वासिली यानं या मठाला सनद दिली की काही गावांतल्या जुन्या कुळांना सोडून जाऊ द्यायचं नाही, गेलेल्यांना परत आणायचं. पुढं 1497 च्या कायद्यानं सगळ्याच शेतकऱ्यांना वर्षातून फक्त 26 नोव्हेंबरच्या मागेपुढे एक-एक आठवडा मालक बदलायची मुभा ठेवली आणि 1649 च्या कायद्यानं तर पळून गेलेल्याला कितीही वर्षांनी पकडून आणता येऊ लागलं. म्हणजे शेतकऱ्याला जमिनीला बांधायची सुरुवात ज्या ठिकाणांहून झाली त्यात हा पवित्र मठ होता, आणि हे तिथल्या सोनेरी घुमटांइतकंच ठळक सांगायला हवं.

चर्चमध्ये कुणी बोललंच नाही असं नाही हां. निल सोर्स्की नावाचे एक संन्यासी म्हणायचे संन्याशानं स्वतःच्या कष्टाचं खावं, गावं ठेवू नयेत. दुसऱ्या एका मठाचे प्रमुख योसिफ वोलोत्स्की यांचं म्हणणं, मठाकडं गावं नसतील तर चांगल्या घरची माणसं संन्यास घेणार नाहीत आणि मग बिशप कुठून आणायचे. जिंकले योसिफच. 1580 मध्ये झार (राजा) इव्हान द टेरिबलच्या काळात मठांना नवीन जमीन घ्यायला बंदी झाली, कारण लढायांसाठी सरदारांना द्यायला जमीन उरत नव्हती, पण जुनी तशीच राहिली.

ती गेली 1764 मध्ये. रशियाची राणी कॅथरीन दुसरी हिनं चर्चच्या सगळ्या जागिरी सरकारजमा केल्या, निम्म्याहून जास्त मठ बंद झाले, उरलेल्यांपैकी बऱ्याच मठांना ठराविक सरकारी पगार. शेतकरी सरकारकडं आले, मठाची वेठ संपली आणि दर पुरुषामागं दीड रूबल खंड लागला. त्यांच्या दृष्टीनं हा खरंच दिलासा होता. तुम्ही पाहिलेल्या इमारती क्रांतीनंतर बंद पडल्या होत्या, 1946 मध्ये संन्यासी तिथं परत आले.